खुडूक

मराठीने कोंबडीला म्हणींत भरपूर राबवून घेतले आहे. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही. सोन्याची अंडी देणारी कोंबडी लोभापायी कापली जाते. या साऱ्यांत शहाणपण किंवा मूर्खपण माणसाचे; कोंबडी निमित्तमात्र. तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी बोलणारा शब्द शोधू गेल्यास आम्हांला चटकन आठवतो तो 'खुडूक'. अंडी घालणे थांबवून ती उबवायला ठाण मांडून बसलेली, हात जवळ नेल्यास अंग फुगवून टोचणारी कोंबडी ती खुडूक. शब्द परसातला, डालग्या-खुराड्याच्या शेजारचा.

वर्गात हा शब्द निघाला तेव्हा तो मोजक्याच मुलांना ठाऊक होता. त्यांतला एक, ज्याच्या घरी अंड्यांच्या कोंबड्यांची शेड आहे, म्हणाला, "आमच्याकडं खुडूक होतच नाहीत, सर." त्याचे खरे होते. उबवण्यात गेलेले दिवस हे बिनअंड्यांचे दिवस. म्हणून व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातून हा स्वभाव पैदाशकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडीने जवळजवळ पुसून टाकला. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. ही तीनशेहून अधिक.

पुढे आम्ही ती शेड पाहिली. तारेचे पिंजरे, अंडे घरंगळून पुढे यावे म्हणून उतरता तळ, आणि एका पक्ष्याच्या वाट्याला येणारी जागा ए-फोर कागदाहून लहान. आकडे आम्ही नंतर वाचले. अठरा-वीस आठवड्यांची झाली की कोंबडी अंड्यावर येते. पंचवीस ते तीस आठवड्यांच्या सुमारास शंभरांतल्या नव्वदांहून अधिक रोज अंडे देतात. एका अंड्याला साधारण २५ तास लागतात, त्यांतले सुमारे २० कवचाला. कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम असते. तिच्या साऱ्या सांगाड्यात मिळून ते वीसेक ग्रॅम. रात्री खाणे बंद असते आणि कवच तर घडतच असते. तेव्हा उणे पडलेले कॅल्शियम हाडांतून येते. पिंजऱ्यात हालचाल नसल्याने हाडे अधिकच ठिसूळ होतात. सत्तर-ऐंशी आठवड्यांनी विक्रीसाठी बाहेर ओढताना ती मोडतात.

या ताणाचे मोजमाप शास्त्र रक्तात करते. अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन स्रवते. पांढऱ्या पेशींतील हेटरोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर वाढते, हे ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ साली मांडले. परंतु पक्षी हाती धरताच कॉर्टिकोस्टेरॉन चढू लागते. म्हणून नमुना दोन-तीन मिनिटांत घ्यावा लागतो. विचारणाराच उत्तर बदलून टाकतो! शिवाय अंडे घालण्याच्या सुमारासही ते वाढते. केवळ आकड्याला दुःख म्हणता येत नाही.

सहानुभूतीचेही तसेच. १९६५ साली इंग्लंडमधील ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी नको, ती पायांना त्रासदायक, असे सदिच्छेने सुचवले. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच निवडू दिले, तर त्यांनी तीच जाळी पसंत केली. मुक्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येक लेखकाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा, असे आम्हांला वाटते.

मग ठामपणे काय म्हणता येते? अंडे घालण्यापूर्वी तासभर कोंबडी आडोशाची जागा शोधू लागते. ही ओढ आदल्या दिवशीच्या बीजमोचनानंतरच्या संप्रेरकांनी जागी होते. समोर गवत आहे की तार, याच्याशी तिला कर्तव्य नाही. शेडमध्ये सकाळी हेच दिसत होते: येरझारा, तारेतून काढलेल्या माना, पुन्हा येरझारा. उबवणे पुसता आले; घरटे शोधणे पुसता आले नाही.

अचेतनाला सचेतन मानणे ही चेतनागुणोक्ती, असे आपण शिकवतो. सचेतनाला यंत्र मानण्याच्या या उलट व्यवहाराला अलंकारशास्त्रात नाव नाही. कारण तो अलंकार नव्हे, व्यवस्था आहे. युरोपीय संघाने २०१२ पासून असे ओके पिंजरे बंद केले. आपल्याकडे पुरेशी हालचाल करू न देणारा पिंजरा १९६० च्या कायद्याने क्रूरता ठरवला आहे. २०१७ साली विधी आयोगाने या कोंबड्यांवर स्वतंत्र अहवालही दिला. तरी त्या विद्यार्थ्याचा प्रश्न उरतोच: "अंडं महागलं तर वसतिगृहातली पोरं काय खातील, सर?" हा प्रश्न टाळणाऱ्या करुणेवर आमचा विश्वास नाही. आणि या प्रश्नाआड लपून येरझारा न पाहणेही आम्हांला जमणार नाही.

त्या येरझाऱ्यांना काय म्हणावे, हे आम्ही त्याच्या आजीला विचारले. दुःख, वेदना, कोंडमारा असे आमचे शब्द तयारच होते. ती अंडी वेचता वेचता एवढेच म्हणाली, "जागा बघतीय ती." यात एक अक्षरही अधिक नाही, आणि खोडण्याजोगेही काही नाही.