हात थांबतो ती जागा

॥ श्री ॥

वाई,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. तुझे पत्र परवाच्या टपालाने पावले. पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकून तू कॅमेरा घेतलास हे वाचून मला किती संतोष झाला, ते तुझ्या मामीने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखले आणि पत्र माझ्या हातून घेऊन उभ्याउभ्याच दोनदा वाचले. परंतु पत्राच्या अखेरीस, घरात आणि गावात टिपण्यासारखे काहीच नाही, लडाखचा नाही तर राजस्थानचा प्रवास घडेल तेव्हाच या यंत्राचे चीज होईल, असे जे तू लिहिले आहेस ते मला पटलेले नाही. आणि का पटलेले नाही ते सविस्तर लिहिणे हे, या छंदात आयुष्याचा मोठा भाग घालविलेला माणूस या नात्याने, मी माझे कर्तव्य समजतो.

धंदा म्हणून छायाचित्रे काढणाऱ्याला मुदत असते. मंगलाष्टके संपल्यावर अंतरपाट पुन्हा धरता येत नाही, वर्तमानपत्राचा अंक निघून गेल्यावर सभेचे चित्र शिळे होते, आणि म्हणून समोर येईल ते त्याच क्षणी पकडावे लागते. त्या कौशल्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि साडी नेसून, खांद्यावर वजनदार सरंजाम वागवीत, दिल्लीतील थोरामोठ्यांच्या गर्दीत १९७० पर्यंत उभ्या राहिलेल्या होमाई व्यारावाला यांची चित्रे पाहताना तर मन विनम्र होते. हौशी माणसाला मात्र कोणी मुदत घालून दिलेली नसते. तो ज्या घरात आज आहे त्याच घरात उद्याही राहणार असतो, त्याच खिडकीतून तेच ऊन उद्याही येणार असते, आणि पुन्हा पुन्हा पाहिल्यावाचून जे दिसतच नाही ते पाहण्याची सवड त्याच्यापाशी असते. याहून मोठे भांडवल या कलेला लागत नाही, आणि चार दिवसांच्या प्रवासात ते पदरी पडत नाही.

माझा पहिला कॅमेरा आग्फाचा क्लिक-थ्री. तो बडोद्यास तयार होई, आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबांत त्या काळी कॅमेरा म्हणून जो असे तो पुष्कळदा हाच. एका रोलावर चौकोनी बारा चित्रे उतरत. पण घरातला मंद उजेड त्याला पुरत नसे, आणि त्यामुळे अंगणात उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून ओळीने उभी राहिलेली माणसे, हेच आमच्या त्या काळातील सर्व चित्रांचे स्वरूप आहे. पुढे मामलेदार कचेरीतील नोकरी कायम झाल्यावर मी यशिका-मॅट हा दोन भिंगांचा कॅमेरा जुना विकत घेतला. त्याचे भिंग एफ ३.५ पर्यंत उघडे आणि शटर एका सेकंदापासून सेकंदाच्या पाचशेव्या हिश्श्यापर्यंत चाले. पण त्याचा खरा गुण निराळाच होता. तो पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत पाहावे लागते, म्हणजे चित्र घेणाऱ्याची मान खाली असते आणि नजर समोरच्या माणसावर रोखलेली नसते. कोणी आपल्याकडे टक लावून पाहत आहे असे वाटले की आपल्या घरातील बायका पदर सावरतात आणि हातातले काम खाली ठेवतात. मान खाली घातलेल्या माणसासमोर त्यांचे काम निर्वेधपणे चालू राहते.

तुझी आजी दुपारची जेवणे आटोपली की माजघराच्या खिडकीशी गोधडी शिवीत बसे. तेथला उजेड मऊ आणि एका बाजूने येणारा, चित्राला अत्यंत अनुकूल, पण बेताचाच. शंभर वेगाच्या फिल्मवर, भिंग पूर्ण उघडूनही, सेकंदाचा पंधरावा हिस्सा तरी शटर उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्या अवधीत चालता हात धुरकट उमटतो. "आई, जरा थांब" असे म्हणावे तर ती थांबे खरी, पण मग ती शिवीत नसे, शिवण्याची मुद्रा धारण करून बसे. तेव्हा मी कॅमेरा बाजूला ठेवून नुसता पाहत बसू लागलो, आणि बऱ्याच दुपारी अशा गेल्यानंतर माझ्या ध्यानी आले की नवा दोरा ओवण्यापूर्वी ती त्याचे टोक ओठांत ओले करी, दोन बोटांत पिळी, चष्मा नाकावर किंचित खाली ओढी, सुई खिडकीच्या उजेडासमोर धरी, आणि दोरा नेढ्यात शिरेपर्यंत श्वास रोखून धरी. तेवढ्या श्वासापुरता तिचा सर्व देह निश्चल असे. कोणी सांगून आलेली ती निश्चलता नव्हती, कामाच्या पोटातूनच ती उत्पन्न झालेली होती. आमच्या दिवाणखान्यात लावलेले तिचे जे चित्र तू लहानपणापासून पाहत आली आहेस, ते त्या श्वासात घेतलेले आहे.

त्यानंतर घरातील प्रत्येक कामात हात कोठे थांबतो हे शोधण्याचा मला नादच लागला. ताक घुसळताना दोरी एका बाजूला पूर्ण ओढली गेली की उलट फिरण्याआधी रवी क्षणमात्र उभी राहते. भाकरी थापून झाली की तव्यावर टाकण्यापूर्वी ती तळहातावर तोललेली असते. तांदूळ निवडणारीची बोटे खड्यावर पडतात आणि थबकतात; हिशेब लिहिणाऱ्याची लेखणी हातचा धरताना कागदापासून बोटभर उंच राहते. परका छायाचित्रकार कितीही कुशल असला तरी या जागा त्याला एका भेटीत सापडणे कठीण, कारण त्या यंत्राच्या वेगाने सापडत नाहीत, सहवासाने सापडतात. माझ्या साऱ्या छायाचित्रणाचे मर्म मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन.

कोणाची चित्रे पाहावीत असेही तू विचारले आहेस. आपल्याकडे या कलेचा पाया घातला गेला त्यात हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तिच्यात डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. पण तू प्रथम ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची चित्रे पाहा. १८१५ साली कलकत्त्यास जन्मलेल्या या बाईला १८६३ सालच्या डिसेंबरात, वयाच्या ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, आणि तिने घरची कोळशाची कोठी हीच काळी खोली आणि कोंबड्यांचे खुराडे हीच चित्रशाळा केली. काचेवर रसायन चढवून ते ओले असतानाच चित्र घेण्याचा तो काळ. समोरच्या माणसाला मिनिट मिनिट स्तब्ध बसावे लागे. टेनिसन आणि डार्विन यांच्यासारखी माणसे तिच्यासमोर बसली, तरी माझ्या मते तिची सर्वोत्कृष्ट चित्रे तिच्या घरकाम करणाऱ्या मेरी हिलिअरची आणि तिच्या भाचीची, ज्युलिया जॅक्सनची आहेत. जी माणसे नित्य डोळ्यांसमोर होती त्यांच्याकडे तिने प्रथमच भेटल्यासारख्या कुतूहलाने पाहिले.

उमरावसिंग शेरगील यांचे नाव तू त्यांच्या कन्येमुळे, चित्रकर्त्री अमृतामुळे, ऐकले असशील. संस्कृत आणि फारसीचा व्यासंग असलेल्या या सरदाराने हंगेरीत, पॅरिसात आणि सिमल्यास आपली पत्नी, दोन मुली आणि स्वतः आपण यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली, ती कोणत्याही प्रदर्शनासाठी नव्हेत. अमृता १९४१ साली अवघ्या २८व्या वर्षी गेली. बापाने घेतलेली ती चित्रे मागे राहिली, आणि नातू विवान सुंदरम यांनी त्यांतूनच पुढे नवी कलाकृती निर्माण केली.

आणि दादासाहेब फाळके. तेही उमरावसिंगांप्रमाणे १८७० सालचेच. राजा हरिश्चंद्र १९१३ साली पडद्यावर आला हे शाळेत शिकवितात. पण त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला, रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले, आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंतचा प्रवास सलग दाखविला, हे फारसे कोणी सांगत नाही. मला त्यांच्या सर्व कर्तृत्वात ही कुंडी अधिक पूज्य वाटते. भांडवलदारांचे मन वळविण्यास त्यांना सबंध हिंदुस्थान धुंडाळावा लागला नाही. दाखविण्यास घरचा एक वाटाणा पुरला. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या, ही गोष्टही त्या कुंडीइतकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सरस्वतीबाईंची ही गोष्ट वाचताना मला तुझ्या मामीची आठवण होते. आमच्या न्हाणीघरात रात्री लाल दिवा लावून मी ब्रोमाइड कागद डेव्हलपरातून काढून हायपोत टाकी, आणि तेथून पुढचा अंमल तिचा असे. हायपोचा अंश कागदात राहिला तर काही वर्षांनी चित्र पिवळट पडते एवढे मी एकदा सांगितले होते. त्यावर तिने घंगाळातले पाणी इतक्या वेळा बदलावे की हौद रिता होण्याची मला धास्ती वाटे. धुतलेले कागद ती स्वच्छ काचेवर उलटे चिकटवून ठेवी. सकाळी ते वाळून, तकतकीत होऊन, टप टप आवाज करीत आपोआप सुटत, आणि ते गोळा करण्यासाठी मुले दात घासण्यापूर्वी धावत. त्या चित्रांतला शुभ्र भाग आजही शुभ्र आहे, आणि त्याचे श्रेय निर्विवादपणे तिचे आहे.

घराबाहेरचे माझे उपक्रम थोडक्यात सांगतो. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधले. त्याचे चित्र जो तो समोरून घेतो, आणि मी घेत आलो ते मागून, कारण कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून तिकडची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधलेली आहे. वैशाखात ती भिंत नुसता एक चमत्कारिक दगडी कोपरा असते. आषाढ-श्रावणात नदी चढते तेव्हाच त्या गवंड्याची बुद्धी दिसते. दुसरा उपक्रम आळीतल्या वाड्यांचा. वाडा पाडणार असे कानी आले की मी परवानगी मागून आत जातो. महसूल खात्यात जन्म काढल्यामुळे मला ठाऊक आहे की फेरफाराच्या नोंदीत मालक बदलल्याचा दाखला मिळतो, पण चौकातले वृंदावन कोठे होते आणि ओसरीच्या खांबाला टेकून कोण बसत असे हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

त्याच नोकरीने लावलेली एक शिस्त तुलाही सांगतो. ज्या कागदावर नाव नाही आणि तारीख नाही तो कागद दप्तरात असून नसल्यासारखा. तुझ्या कॅमेऱ्यात हजारो चित्रे मावतील. त्यांतली जी मनाला भिडतील तेवढी कागदावर छापून घे, आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तिथी आणि चालू काम लिही. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, त्याचाही बंदोबस्त आधीच करून ठेव.

आता मुख्य गोष्ट. तुझी आई, माझी थोरली बहीण, लग्न होऊन कोल्हापुरास गेली तेव्हा माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. पुढे तो आला, पण ती येई ती कार्याप्रसंगाला, आणि त्यामुळे माझ्या संग्रहातील तिची सर्व चित्रे शालू नेसलेली, कुंकू ठसठशीत लावलेली, कॅमेऱ्याकडे पाहणारी आहेत. तिच्या रोजच्या कामात तिचा हात कोठे थांबतो हे मला ठाऊक नाही, आणि चार दिवस पाहुणा म्हणून येऊन ते मला कळणारही नाही. तू तिच्याजवळ राहतेस. लडाखला अवश्य जा, पण त्यापूर्वी काही दिवस कॅमेरा न उचलता तिच्याजवळ बस, आणि ती जागा सापडली म्हणजे चित्र घे. तिला माझ्याकडे पाहा असे मात्र म्हणू नकोस. माघात कृष्णाबाईच्या उत्सवाला तुम्ही दोघी येणारच आहात, तेव्हा त्या चित्राची एक प्रत माझ्यासाठी घेऊन ये.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा