विटांची ओळ

पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, अशी आमच्या आजोळी समजूत होती. आम्ही पायाळू नाही. रीतसर डोक्याकडून जन्मलो, पदवीधर झालो आणि दिल्लीस केंद्र सरकारच्या सेवेत कारकून म्हणून चिकटलो. तरीही जमिनीखाली काय आहे हे सांगण्याचे काम अखेर आमच्याच टेबलावर आले.

झाले असे की, आमच्याच सरकारी वसाहतीत पावसाच्या पाण्यासाठी नवे गटार खोदावयाचे होते. वीज, पाणी, गॅस, दूरध्वनी अशा सर्वांची ना-हरकत पत्रे गोळा करून नकाशासह फाईल वर पाठविणे, एवढाच आमचा वाटा. नकाशावरील वीजवाहिनीची तांबडी रेघ इतकी सरळ होती, की तिच्याविषयी शंका घेणे असभ्यपणाचे वाटावे. ‘नकाशाशी पडताळले’ असा शेरा मारून आम्ही सही केली. जमिनीशी पडताळले काय, हे कोणी विचारले नाही. आम्हीही स्वतःस विचारले नाही.

वास्तविक त्याची साधने आहेत. प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते. शोधकयंत्र ते वरूनच टिपते. प्लॅस्टिकची नळी मात्र त्याला ऐकू येत नाही. तिच्यासाठी सोबत धातूची तार पुरावी लागते, नाहीतर जमिनीत रडारच्या लहरी सोडाव्या लागतात. आणि ओली चिकणमाती त्या लहरी गिळून टाकते. म्हणून शेवटी हाताने चाचणीचे खड्डे घेऊन पाहावे, हेच खरे. २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आले. खोदणाऱ्याने त्यावर वर्दी दिली, की तेथे ज्यांच्या वाहिन्या असतील त्यांना ती पोचावी, अशी योजना. बेताल खोदकामापायी देशाचे दरसाल सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. हे सारे आम्हांस ठाऊक होते. परिपत्रके फाईलीस आम्हीच लावतो!

काम सुरू झाल्यावर एका रविवारी आम्ही सहज पाहावयास गेलो. चरात बुंदेलखंडाकडचा एक मजूर खणीत होता. काठावर त्याची लहान मुलगी मातीशी खेळत होती. दोनेक फुटांवर त्याचा टिकाव विटेला लागला. तो थबकला. टिकाव बाजूस ठेवून त्याने हातांनी माती सारली. एकीला लागून एक अशा आडव्या विटा, आणि फटींतून वाळू.

“बाबूजी, नीचे बिजली है,” तो म्हणाला, आणि मुलीला दूर बसवून आला.

तांबडी रेघ तेथून चांगली सहा हात दूर होती.

केबलवर वाळू पसरून विटांचे पांघरूण घालण्याची रीत जुनी आहे. पुढे कोणी खणील, त्याला वेळीच कळावे म्हणून. त्या विटा मांडणारा आता कोठे असेल, कोण जाणे. न पाहिलेल्या माणसासाठी त्याने निरोप ठेवला आणि दुसऱ्या मजुराने तो अचूक वाचला. मधला कागद तेवढा आमचा होता, आणि तोच खोटा होता.

सोमवारी आम्ही तसे लेखी कळविले, आपल्या सहीच्या उल्लेखासह. साहेब रागावले, काम पंधरवडाभर रखडले. आता शेरा मारण्यापूर्वी आम्ही जागेवर जाऊन येतो. पायाळू नसलो तरी पाय आम्हांसही आहेत, एवढे उशिरा का होईना ध्यानात आले.