झाडाचं आळं

आमच्या राजूरकडे बाग म्हटलं की ती मोसंबीचीच. फिरायला जायचीही बाग असते, हे जालन्याला गेल्यावर कळलं. त्यामुळे बागेकडे बघायची माझी नजर शेतकऱ्याच्या पोराची राहिली. कुठल्याही उद्यानात शिरलो की आधी कारंजं दिसत नाही, झाडाचं बूड दिसतं.

त्याला कारण बाबा. मोसंबीला आळं करायचं तर ते खोडापासून हातभर सोडून करायचे. खोडालगत मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर गोल चर, पाणी फिरायचं ते त्या चरातच. खोडाला पाणी लागून राहिलं की डिंक्या होतो. साल फाटते, डिंक गळायला लागतो, आणि फळावर आलेलं झाड डोळ्यांदेखत वाळतं. म्हणून बुंध्याला बोर्डो मलमही फासायचे. झाड वाढलं की आळंही रुंदावायचं, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं बुडाशी नसतात, पार पानांच्या सावलीच्या कडेला असतात. हे सगळं मला पुस्तकातून नाही, उन्हात खोरं घेऊन कळलं. बारं देताना बांध फुटला आणि पाणी खोडाशी गेलं तर बाबा फार बोलत नसत. नुसतं खोरं हातातून काढून घ्यायचे. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

जालन्याची मोतीबाग म्हणजे सुट्टीतली चैन. एसटीने तासाभराचा रस्ता, मग तलाव, हिरवळ, घसरगुंडी. शेजारच्या मोती तलावाची गोष्ट मोठेपणी वाचली. मलिक अंबरच्या काळात जमशेदखान जालन्याचा कारभार बघत होता. त्याने गावाच्या पश्चिमेला तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी पाणी गावातल्या हौदापर्यंत आणलं, असं जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे आधी पाण्याची सोय. आमच्या भागात दुसरा क्रम चालतच नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायची धडपड केली, आणि नाही जमलं तेव्हा स्वतःच्या हातांनी कुऱ्हाड चालवली. ज्यांनी ते पाहिलंय, त्यांना उद्यानातल्या सुकलेल्या झाडाकडे बघून ‘जाऊ द्या, दुसरं लावू’ असं म्हणता येत नाही.

नोकरीने मुंबईला नेलं, आणि भायखळ्याची राणीची बाग पायाखालची झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झालेली, पन्नासहून अधिक एकरांची. बहुतेकांना तिथले प्राणी आठवतात. मी झाडांसाठी जायचो. गोरखचिंचेचा हत्तीएवढा बुंधा, कैलासपतीची खोडालाच लागणारी फुलं, आणि उर्वशी! तिच्या लाल झुंबरांखाली उभं राहिलं की भाड्याच्या खोलीतला उकाडा विसरायला व्हायचा. भोवतीची मुंबई मात्र झपाट्याने बदलत होती. गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींचे तीन वाटे व्हावेत, एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला, असा नियम १९९१ साली झाला होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून बाहेर! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. पुढे भायखळ्याच्या खटाव मिलच्या जागेवरही टॉवर आले. कामगाराच्या पोरांना मिळायची ती बाग कागदावरच आटली, आणि आता वरच्या मजल्यांवरून दिसणाऱ्या हिरवाईचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

२००७ च्या सुमारास खुद्द राणीच्या बागेचाच कायापालट करायचा आराखडा आला, चारशे कोटींच्या वरचा, थायलंडच्या कंपनीने केलेला. तेव्हा काही बायका पुढे झाल्या. त्यांनी झाडं मोजून घेतली. तीन हजारांवर झाडं, पावणेतीनशेहून जास्त जाती. ही बाग प्राणिसंग्रहालयाच्या आधीपासून वनस्पती उद्यान आहे, हे त्यांनी सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं. तो आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. २०१६ मध्ये पेंग्विन आले ते आलेच, पण जुनी झाडं बरीचशी उभी आहेत. त्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची दुरुस्ती मला जास्त शिकवून गेली. तिथे जुनं होतं तेच नीट केलं, आणि २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. बागेच्या बाबतीत ही बुद्धी आपल्याला का सुचत नाही, कोण जाणे.

मुंबई सोडून मराठवाड्यातल्या एका शहरात राहायला आलो, तेव्हा घराशेजारी एक मोडकळीला आलेली बाग होती. नाव सांगत नाही, कारण ती कुठल्याही शहरातली असू शकते. चारी बाजूंनी नवे फ्लॅट उठले, तशी तिची आठवण सगळ्यांना झाली आणि सुशोभीकरण मंजूर झालं. एका सकाळी गेलो तर कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवणं चालू. मी म्हटलं, “मुकादम, आळं तरी सोडा.” तो माणूस चांगला होता, हसून म्हणाला, “आळं सोडलं तर लाईन तुटते की हो, काका.” त्याचंही बरोबर होतं, त्याला पैसे चौरस फुटावर मिळत होते. झाडाभोवती मीटरभर जागा सिमेंटशिवाय ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात बजावलं होतं. तो आदेश मी मोबाईलवर काढून दाखवला. त्याने आदराने पाहिला आणि ब्लॉक ठोकत राहिला.

उद्घाटन झालं. कारंजं काही महिने उडालं. ओपन जिम टिकली, सकाळी तिथे गर्दीही असते, हे खरं. माळी मात्र कुणी नेमला नाही. फाटकाला, दिव्यांना, पुतळ्याला निधी मिळतो, कारण त्यांची फीत कापता येते. रोजच्या पाण्याची फीत कापता येत नाही. माझ्या मते बाग दुर्लक्षाने तर बिघडतेच, पण अशा एकदम आलेल्या पैशानेही बिघडते.

आता राजूरच्या रस्त्यालाही प्लॉटिंगचे फलक लागलेत. देवस्थानाचं गाव. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं मानलं जाणारं. अंगारकीला रात्रभर पायी चालत येणारी माणसं. जागेला भाव येणारच. तेव्हा प्लॉट घेणाऱ्यांना एकच विनंती. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये किमान १० टक्के खुली जागा सोडावी लागते. सात-बारा बघता तसा मंजूर नकाशाही मागा, आणि ती जागा नेमकी कुठे आहे हे स्वतः पायी जाऊन बघा. विकास आराखड्यातल्या बागेच्या आरक्षणावरही लक्ष ठेवा. दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाच्या हालचाली झाल्या नाहीत, तर आरक्षण उठतं. जागा राहिलीच, तर कारंजं मागू नका. बोअर, चार कडुनिंब, दोन वड आणि पगारी माळी मागा. आणि त्याला सांगा, आळं खोडापासून हातभर लांब कर.