अव्वांचा शाळिग्राम आणि मुसीचा उगम

आमचे मोठे दीर हैदराबादला काचीगुड्यात राहतात आणि सासूबाई त्यांच्याकडे असतात. सासूबाईंचं माहेर हुमनाबादचं, सासर भालकीचं. त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. आम्ही सगळेच त्यांना अव्वा म्हणतो. त्यांच्या देवघरात लिंबाएवढा काळाभोर शाळिग्राम आहे. सासूनं सुनेच्या हाती द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. अव्वांना तो त्यांच्या सासूबाईंकडून मिळाला. रोज त्याला अभिषेक, वर तुळशीचं पान आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नात नवरदेवाचा मान.

गेल्या कार्तिकात हा नवरदेव अव्वांच्या ओल्या हातातून निसटला आणि शहाबादी फरशीवर पडून त्याची सरळ दोन शकलं झाली.

गुरुजींनी समजूत घातली. शाळिग्राम भंगला तरी पूजेला चालतो, त्याला प्राणप्रतिष्ठासुद्धा करावी लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. अव्वांनी ऐकून घेतलं, पण शकलं एका खणात गुंडाळून कपाटात ठेवली. ताम्हनातली जागा रिकामी राहिली. जाऊबाई फोनवर सांगत, "जेवण निम्म्यावर आलंय. विचारलं तर म्हणतात, माझ्या हातानं झालं, आता वाहत्या पाण्यात सोडायचं."

हैदराबादेत वाहतं पाणी म्हणजे मुसी. 1908 च्या सप्टेंबरात याच नदीनं निम्मं शहर धुऊन नेलं होतं. त्यानंतर निजामानं आपल्या विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पुढे 1920 मध्ये गंडीपेटचं धरण, म्हणजे उस्मानसागर, पुरं झालं. पण आज चादरघाटच्या पुलावरून जाताना माणसं नाक दाबतात. त्या पाण्यात देव कसा सोडायचा? शेवटी दीरच म्हणाले, "उगमावर जाऊ. अनंतगिरीला पाणी चांगलं आहे, देऊळही विष्णूचंच आहे."

ठरलं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बिदरहून गाडीत बसलो. डब्यात उरलेली भज्जी आणि उंडे, बाटलीत आंबील. बरोबर नववीतली लेक. तिच्या पिशवीत वही, पेन्सिल, जुनी वर्तमानपत्रं आणि एक भिंग! आदल्या सुट्टीत तिनं हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस पाहिला होता. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यमनपल्लीजवळ सापडलेल्या हाडांचा तो उभा केलेला प्रचंड सांगाडा. तेव्हापासून तिला प्रत्येक दगडात काहीतरी दिसतं. तिनं काकूकडून शाळिग्रामाच्या शकलांचा फोटो मागवला होता. तो बघून तिनं जाहीर केलं, "आई, अज्जीच्या शाळिग्रामात अमोनाइट आहे. मुसीच्या काठावर मी दुसरा शोधून देते. मग अज्जी जेवेल."

मी कॉलेजात भूगोल शिकवते. दुसरा मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण खिडकीतून दिसणाऱ्या जमिनीकडे बोट दाखवत तिला ते का मिळणार नाही, हे सांगण्यात विकाराबादपर्यंतचा वेळ छान गेला.

बिदरचा किल्ला ज्या तांबड्या जांभ्याचा आहे, त्या जांभ्याखाली काळा पाषाण आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. तो थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. बिदर, भालकी, उदगीर सगळं त्याच्यावर. विकाराबादच्या पुढे हैदराबादकडे निघालं की हा काळा पाषाण संपतो आणि एकावर एक रचल्यासारखे गुलाबी-करडे गोटे दिसू लागतात. तो ग्रॅनाइट, सुमारे 250 कोटी वर्षांचा. तो तयार झाला तेव्हा शंख-शिंपल्यांचे जीव पृथ्वीवर जन्मालाही आले नव्हते.

आणि अमोनाइट हा समुद्रातला प्राणी. माखली आणि ऑक्टोपस यांचा भाऊबंद. त्याचं कवच गुंडाळलेलं, आत पडदे घालून केलेल्या खोल्या. प्राणी सगळ्यात बाहेरच्या खोलीत राहायचा आणि आतल्या रिकाम्या खोल्यांच्या आधारानं पाण्यात तरंगायचा. वाढला की पुढे नवी खोली बांधायची! आज हिमालय आहे तिथं पूर्वी समुद्र होता. त्याच्या तळच्या काळ्या चिखलात हे जीव गाडले गेले, चिखलाचा दगड झाला, पुढे तळ उचलला जाऊन पर्वत झाला. नेपाळातली काली गंडकी तो दगड फोडून काढते, घासून गुळगुळीत करते आणि आपण त्याला शाळिग्राम म्हणतो. आपल्याला त्यात विष्णूचं चक्र दिसलं. पलीकडच्यांना मेंढ्याचं शिंग दिसलं, म्हणून त्यांनी इजिप्तच्या आमोन देवाचं नाव त्याला दिलं. देवाची आठवण दोघांनाही झाली, हे विशेष.

"म्हणजे इथं समुद्र नव्हता?" लेकीचा चेहरा पडला.

"समुद्र नव्हता, पण तळी होती. बघ शोधून."

विकाराबाद स्टेशनवर दीर गाडी घेऊन आले होते. चेवेळ्याच्या वडांच्या रस्त्यानं ते अव्वांना घेऊन पहाटेच निघाले होते. हैदराबादपासून हे अंतर 70-80 किलोमीटर. अव्वा मागच्या सीटवर शाल पांघरून बसलेल्या, मांडीवर खणाची पुरचुंडी. मी पाया पडले तर नुसता डोक्यावर हात ठेवला. बोलल्या नाहीत.

अनंतगिरीच्या झाडीत डिसेंबरातही चांगलाच गारठा होता. देवदर्शन करून आम्ही खाली ओढ्याशी उतरलो. शहरात एवढी बदनाम झालेली नदी इथं करंगळीएवढ्या धारेनं वाहत होती. पाणी इतकं स्वच्छ की तळची वाळू मोजावी. अव्वा एका दगडावर टेकल्या. "थोडा वेळ बसते, मग सोडू," म्हणाल्या. लेक तेवढ्यात पात्रात उतरली.

हिवाळा हा या कामाला उत्तम. पावसाळ्याच्या पाण्यानं काठ नुकताच धुतलेला असतो, पाणी ओसरलेलं असतं आणि ऊन तिरपं पडल्यानं दगडावरची बारीकशी रेघही उठून दिसते. लेकीला मी दोनच नियम सांगितले होते. थराला हात लावायचा नाही, सुटा पडलेला दगड असेल तोच घ्यायचा. आणि घेतला तर तो कुठं मिळाला ते आधी वहीत लिहायचं. जागा ठाऊक नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

तासाभरानं ती ओरडत आली. हातात पांढुरका, चकमकीच्या जातीचा दगड आणि त्यात बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय! टोकदार शेंडी, फुगीर पोट, सगळं स्पष्ट.

हीच त्या तळ्यांची साक्ष. लाव्हाचा एक लोट आणि दुसरा लोट यांच्यामध्ये पुष्कळ काळ शांततेचा जाई. खळग्यांत पाणी साचे, झाडंझुडपं येत, गोगलगाई होत. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकी. निजामाच्या मुलुखातल्या अशा शंखांची नोंद माल्कमसन नावाच्या लष्करी डॉक्टरनं केली आणि 1840 मध्ये त्यांना 'फायसा' कुळातलं नाव मिळालं. याच विकाराबादजवळच्या नासकल गावच्या असल्याच थरातून प्रसाद आणि साहनी या शास्त्रज्ञांनी चिमुकले दात शोधून काढले, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. ते डायनोसॉरच्या काळातल्या एका उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे निघाले. 1988 मध्ये त्याचं नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. पहिल्या शब्दात आपलं दख्खन आहे आणि दुसऱ्यात नागपूरकडचे जीवाश्म गोळा करणारे पाद्री हिस्लॉप.

लेकीला या कशाचं काही नव्हतं. ती थेट अज्जीकडे गेली. अव्वांनी चष्मा लावला, भिंग घेतलं, दगड उलटासुलटा केला आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"बलमुरी अद इद! अगं, उजवा शंख आहे हा!"

मी चकित झाले. ही गोगलगाय शास्त्राच्या पुस्तकात 'डाव्या वळणाची' म्हणून प्रसिद्ध आहे. शेंडी वर धरली तर तिचं तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगाईंचं ते उजवीकडे असतं. पण शास्त्रज्ञ शेंडी वर धरतात आणि आपण शंख बघतो तो शेंडी खाली धरून. म्हणजे पुस्तकातला डावा तोच देवघरातला उजवा, दक्षिणावर्ती! लाखात एखादा मिळणारा म्हणून ज्याची किंमत सांगतात, तसल्या वळणाच्या शंखांनी एके काळी आपली तळी भरलेली होती. मी वर्षानुवर्षं वर्गात 'डावी, डावी' शिकवत आले आणि ही जोड मला कधी सुचली नव्हती. अव्वांनी ती एका नजरेत लावली.

मग लेक म्हणाली, "अज्जी, आता तुझा दाखव ना."

अव्वांनी पुरचुंडी सोडली. लेकीनं दोन्ही शकलं तिच्या तळहातावर उघडी ठेवली. एकात कंगोऱ्याकंगोऱ्यांचं वेटोळं उठून आलेलं, दुसऱ्यात त्याचाच खोलगट ठसा. पंधराएक कोटी वर्षं मिटून राहिलेली डबी. भिंगाखाली तिरप्या उन्हात एकेक कंगोरा मोजता येत होता. अव्वा मोजत राहिल्या. आम्ही गप्प.

"सासूबाईंनी पूजा केली, त्यांच्या सासूनं केली. मी पन्नास वर्षं केली," त्या हळूच म्हणाल्या. "चक्र आत आहे म्हणायचे सगळे. पाहिलं कुणीच नव्हतं."

खाली पाणी वाहत होतं. दीरांनी घड्याळ पाहिलं. अव्वांनी ओंजळीत पाणी घेऊन दोन्ही शकलं धुतली, पदरानं पुसली आणि पुन्हा खणात बांधली. "चला," म्हणाल्या, "भूक लागलीय. भज्जी आणलीय ना?"

विसर्जनाचं मग कुणी काढलं नाही.

आता काचीगुड्याच्या देवघरात अभिषेकाच्या वेळी दोन्ही शकलं जोडून ठेवतात आणि पूजा झाली की उघडतात. शेजारपाजारच्या मुलांना चक्र दाखवायचं काम अव्वांनी स्वतःकडे घेतलंय. तो एके काळी समुद्रातला प्राणी होता, हेही त्या सांगतात. त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही, मग मला तरी का वाटावी?

भांडण झालं ते त्या पांढऱ्या दगडावरून. लेकीला तो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवा होता आणि अव्वांनी तर त्याला हळदकुंकू वाहून टाकलेलं. शेवटी तडजोड झाली. दगड आठ दिवसांच्या बोलीवर भालकीला आला. निघताना अव्वांनी तो कापसात गुंडाळून दिला आणि बजावलं, "प्रदर्शन झालं की परत आणून दे. आणि मास्तर डावा म्हणाले तर सांग, उलटा धरून बघा."