शिकाऱ्याचे पाणी

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक, मचाण आणि रात्रीचा काळोख उभा राहतो. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने त्या हौसेस बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु आफ्रिकेतील कालाहारीच्या वाळवंटात राहणाऱ्या सान लोकांची एक शिकार भर दुपारच्या उन्हावर चालत आलेली आहे. कुडू नावाचे मोठे हरिण हेरायचे आणि ते कोसळेपर्यंत त्याच्यामागे धावायचे. लुई लीबेनबर्ग या अभ्यासकाने असे पाठलाग पाहिले तेव्हा पारा ३९ ते ४२ अंशांवर होता. अंतर २५ ते ३५ किलोमीटर आणि वेळ दोन ते पाच तास.

असे धावूनही मनुष्य कसा तगतो? कुडू धापा टाकून अंग निववतो, आणि चौखूर पळताना त्यास ते नीट साधत नाही. माणसास परमेश्वराने घाम दिला आहे. मात्र हा घाम तासाला लिटरभर, कधी त्याहूनही अधिक जातो. म्हणून शिकारी निघण्यापूर्वी पोटभर पाणी पितात. शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी भरून, भोक गवताने बुजवून, ते वाटेवर पुरून ठेवण्याची त्यांची जुनी रीत आहे. कोरड्या दिवसांत त्सामा नावाचे रानटी कलिंगड तहान भागवते.

इतके करूनही घात होतो. एकदा कुडू पडला आणि त्याच वेळी आपला घाम थांबल्याचे लीबेनबर्ग यांच्या ध्यानी आले. अशा वेळी जनावराच्या जठरातील पाणीही चालते; परंतु त्या कुडूने माणसास विषारी असा पाला खाल्ला होता. अखेर बरोबरचा एक शिकारी, स्वतः तितकाच दमलेला, वस्तीकडे धावत गेला आणि पाणी घेऊन आला.

वाचकहो, उन्हात राबणाऱ्याची कातडी तापली, बोलणे असंबद्ध झाले, तर घामाची वाट पाहू नये. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी मुळीच घालू नये. तासन्‌तास घाम गाळणाऱ्यास पाण्याबरोबर थोडे मीठही लागते. नुसते पाणी ढोसणे हेही धोक्याचे.

असो. इतक्या विचाराने पाणी राखणाऱ्या या लोकांचे पाणी पुढे सरकारनेच तोडले. २००२ साली बोट्स्वाना सरकारने मध्य कालाहारी अभयारण्यातील सान लोकांना बाहेर काढले व मोथोमेलो येथील कूपनलिका बंद केली. २००६ साली उच्च न्यायालयाने त्यांना परतण्याचा हक्क दिला आणि त्यांचे शिकारीचे परवाने नाकारणे बेकायदेशीर ठरविले. पण पाणी पुरविण्याचे बंधन मात्र सरकारवर घातले नाही. तहानलेल्यास घरी जाण्याची मुभा आणि विहिरीला कुलूप, हा न्याय आम्हांस तरी उमगला नाही. पुढे २०१० मध्येही उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि ती कूपनलिका स्वतःच्या खर्चाने पुन्हा सुरू करण्याची त्यांना मोकळीक मिळाली.