चरखे उदंड, पेळू कुठे?

आमच्या पिढीच्या हैदराबादी मराठी मुलांना सूत कातायला शिकवलं गेलं, पण कशावर कातणार हे कुणी विचारलं नाही. कपाटातून टकळ्यांचा खोका निघायचा आणि हाताला लागेल ती टकळी आपली व्हायची. लोखंडी सळई, तिच्या खालच्या अंगाला पितळी चकती, वरच्या टोकाला तार अडकवायला खाच, एवढंच ते हत्यार. कुणाची सळई वाकलेली, कुणाची चकती ढिली. वाकडी टकळी डुगडुगायची, डुगडुगली की तार तुटायची आणि तार तुटली की बोलणी खावी लागायची. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा इथली आमची घरं आंध्र प्रदेशात राहिली. आमच्या शाळेची भाषा मराठीच राहिली आणि वेळापत्रकात कताईचा तासही राहिला. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेली गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, आमच्यापर्यंत पोचली ती अशी, खोक्यातून.

आज कातायला शिकायचं म्हटलं की पहिली चर्चा साधनाची. माझी नात कोंडापूरला राहते, दिवसभर संगणकावर काम करते आणि रात्री सूत कातते. सुरुवात करण्याआधी तिने जगातली झाडून सगळी साधनं पाहून घेतली होती. लाकडी टकळ्या, पेटी चरखा, पुस्तकाएवढा मिटणारा चरखा, परदेशी पायचरखे, विजेवर चालणारी यंत्रं. "आजोबा, यातलं कोणतं घेऊ?" या तिच्या प्रश्नाचं मला फार अप्रूप वाटलं, कारण आम्हाला तो प्रश्न पडायची सोयच नव्हती. मी तिला एवढंच सांगितलं की आधी काय कातणार ते ठरव. लोकरीचा तंतू लांब, त्यामुळे हवेत लोंबकळणारी जड टकळी तो पेलतो. आपल्या कापसाचा तंतू जेमतेम इंचभर. त्याला पीळ भरपूर लागतो आणि वजन सोसत नाही. म्हणून कापसाला हलकी टकळी हवी आणि तिचं टोक वाटीत किंवा करवंटीत टेकलेलं हवं. परदेशातून जड टकळी मागवून तिच्यावर कापूस कातायला बसणारे पहिल्याच आठवड्यात निराश होतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो, वजनाचा असतो.

हे आम्हाला शाळेत कुणी समजावलं नव्हतं. आताची मुलं तंतूची लांबी, पिळाची दिशा, सुताचा अंक यांबद्दल आमच्या मास्तरांपेक्षा नेमकं बोलतात. आम्हाला पीळ कळला तो फक्त बोटांना, आणि तोही फार उशिरा.

तरी त्या तासाचे काही संस्कार होते. सुरुवात राखेने व्हायची. घरून चुलीतली चाळलेली राख पुडीत बांधून न्यायची. घामट बोटांना ती लावली की तार निसटत नसे. डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या रुईची वळी, उजव्या हाताने टकळीला गिरकी. गिरकी जोरात असताना डावा हात सावकाश वर न्यायचा, पेळूतून तार उतरू द्यायची, हात पुरेसा उंच गेला की थांबून थोडा जास्तीचा पीळ द्यायचा आणि मग तार टकळीवर गुंडाळायची. तासाच्या शेवटी दोघादोघांनी मिळून फाळक्यावर सूत उतरवायचं. एकाने फाळका फिरवायचा, दुसऱ्याने टकळी सैल धरायची, दोघांनी मोठ्याने मोजायचं. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. मोजता मोजता तार तुटली तर ती जोडायला शेजारचा तिसरा मुलगा बोटं ओली करून तयार असायचा. गुंडी आठाच्या आकड्यासारखी पिळून, तिचंच टोक तिच्यात खोचून मास्तरांसमोर ठेवायची. त्या गुंड्या पोत्यात जायच्या. पोतं पुढे विणकराकडे गेलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. गेलंही नसावं, कारण असलं कुठे जाड, कुठे केसासारखं सूत मागावर चढवायला कोणताही विणकर राजी झाला नसता. त्या तासाचं मी आज कौतुक करतो, पण तेव्हा घंटा वाजली की आम्ही पळत सुटायचो, हेही तितकंच खरं.

नात आता एकटी कातते. तिचं सूत एकसारखं उतरतं, आमचं कधीच उतरलं नाही. तिची तार तुटली तर ती पडद्यावरचा धडा मागे नेते, पुन्हा बघते आणि स्वतःच जोडते. तिला कुणी रागावत नाही. तिच्याबरोबर मोठ्याने मोजायलाही कुणी नाही.

साधनाचा विचार आमच्या आधीच्या लोकांनी मात्र जीव ओतून केला होता. एप्रिल १९२९ मध्ये आंध्रातल्या खादी दौऱ्यावर निघालेले गांधीजी हैदराबादला आले होते, विवेकवर्धिनी शाळेच्या आवारात त्यांची सभा झाली. वडील ती आठवण पुन्हा पुन्हा सांगत. त्याच वर्षी अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी कडक होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत, खेड्यातल्या घरात एका माणसाला चालवता यावा, आणि यंत्र वीस वर्षं टिकावं. आपल्या किर्लोस्करवाडीत काळे यांनी रचलेला चरखा तयार झाला, त्याची परीक्षाही झाली, पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. बक्षीस जाहीर झाल्याच्या पुढच्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी स्वतः चरख्याची मांडणी बदलत बसले आणि त्यातून दोन चाकांचा, पेटीत मिटणारा येरवडा चरखा पुढे आला. भारतानंद या नावाने राहिलेल्या पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी धनुष तकली बनवली. त्यानंतर तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा आला, एकाच वेळी अनेक चात्या, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या सळया, फिरवणारा. सावली चरखा, किसान चरखा, मगन चरखा यांची नावं आमच्या घरात पाहुण्यांच्या नावांसारखी घेतली जात.

आमच्या घरी पेटी चरखा आला तो नामपल्लीच्या नुमाइशीतून, म्हणजे तिथल्या प्रदर्शनातून. हिवाळ्यात नुमाइश भरली की खादीच्या दुकानावर वडील तास तास उभे राहत. ते चरख्याची चाती बोटांमध्ये धरून तिचं टोक डोळ्यांसमोर फिरवून बघत. टोक जागेवर स्थिर दिसलं तर चाती सरळ. चाक आणि चाती जोडणारी माळ बोटाने दाबून तिचा ताण पाहत. मोठं चाक हलकेच ढकलून ते किती वेळ फिरत राहतं ते बघत, कान लावून कुरकुर ऐकत. एवढं झाल्यावर भाव विचारत, आणि तो ऐकून त्या वर्षी रिकाम्या हाताने घरी येत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आज पेटी चरखा दारात येतो, आवडला नाही तर परत जातो. हे सोयीचं आहे आणि मला ते आवडतं. पण चाती डोळ्यांसमोर धरून बघायची रीत कुठल्याही वेष्टनात येत नाही, म्हणून मी ती नातीला हाताने दाखवली.

घरातली एक टकळी मात्र कुणाला मिळत नसे. ती आजोबांची जानव्याची टकळी. तिला आम्ही हात लावायचा नाही, ती देवघराच्या कोनाड्यात राहायची. आजोबा तीन सुतं एकत्र घेऊन चार बोटांभोवती शहाण्णव वेढे मोजत, मग पीळ, मग तिप्पट, मग ब्रह्मगाठ. मोजताना कुणी बोललं तर नुसती मान हलवत. ज्या सुताभोवती अर्ध्या समाजाला दूर ठेवायची भिंत उभी होती त्याबद्दल आता हळवं व्हावंसं मला वाटत नाही. पण तेवढ्या बारीक, तेवढ्या पक्क्या पिळाचं सूत मी पुन्हा कुणाच्या बोटांतून उतरताना पाहिलं नाही. श्रावणीच्या आधी जानवी आज पुड्यांत मिळतात, सूत गिरणीचं असतं.

आता पेळूकडे येतो, कारण माझं खरं दुःख तिथे आहे.

आमच्या गल्लीत थंडीच्या आधी पिंजारी यायचा. तेलंगणात त्या समाजाला दूदेकुला म्हणतात. आमच्याकडे येणारा दखनीत हाक मारायचा. गाद्या पिंजायचं काम झालं की आई त्याच्यापुढे पेळूसाठी वेगळी ठेवलेली स्वच्छ रुई टाकायची. छताला टांगलेलं पुरुषभर लांबीचं पिंजण, त्याला ताणून बांधलेली तात, हातात डमरूच्या आकाराचा लाकडी ठोकळा. तातीवर ठोकळा बसला की घुमणारा नाद उठायचा आणि रुईची गाठ उकलून तंतू न् तंतू सुटा व्हायचा. पिंजलेली रुई आई पाटावर पातळ पसरायची, तिच्यावर गुळगुळीत काडी ठेवायची, तळव्याने एकदाच पुढे लाटायची आणि काडी ओढून घ्यायची. राहायचा तो बोटाएवढा पोकळ पेळू. त्याला दाबायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, दोन दिवसांत कातून संपवायचं. तसा पेळू हातात असला की वाकड्या टकळीवरही तार उतरायची.

याही आठवणीवर मी विसंबत नाही. त्या पिंजाऱ्याच्या भुवया, मिश्या पांढऱ्या होऊन जायच्या आणि तो काम थांबवून बराच वेळ खोकायचा. त्याचा मुलगा शाळेऐवजी त्याच्याबरोबर यायचा. तो नाद आम्हाला गोड वाटला कारण ती धूळ आमच्या छातीत जात नव्हती. हातकताईवर पोट भरणाऱ्या बायांचंही तेव्हा भागत नव्हतं आणि आजही भागत नाही. खादी आयोगाने एप्रिल २०२५ पासून हजार मीटरच्या लडीला पंधरा रुपये मजुरी केली, त्याआधी ती साडेबारा होती. यावरून काय ते समजावं. जुनं परत यावं असं म्हणणाऱ्याने हे आकडे समोर ठेवून म्हणावं.

पण आज चरखा उत्तम आणि पेळू निर्जीव, अशी उलटी गत झाली आहे. नातीने मागवलेल्या पहिल्या पेळूंना मी हात लावला तेव्हाच ते कळलं. कापूस जिनिंगमधून निघाला की दाबयंत्रात घालून त्याची दगडासारखी घट्ट गाठ बांधतात. ही गाठ मुळात जहाजातून दूर न्यायला सोयीची म्हणून आली. गिरणीत ती फोडायला, झोडायला मोठी यंत्रं लागतात आणि त्या मारात तंतूची लव, त्याची उसळी जाते. गिरणीच्या चातीला ते चालतं, बोटांना कळतं. शिवाय कापूसच बदलला. नांदेड-परभणीकडची गावरानी देशी वाणांत चांगल्या लांबीच्या तंतूची म्हणून बाजारात नावाजलेली होती. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत देशी वाण शेताच्या कडेला गेले. शेतकऱ्याला त्याचा दोष मी देणार नाही. त्याने बोंडअळी पाहिली होती.

दाबलेल्या कापसाचं हे दुखणं ओळखणारी माणसं याच शहरात आहेत, याचा मला अभिमान वाटतो. हैदराबादच्या उझरम्मा यांनी दस्तकार आंध्र आणि नंतर मलखा या उपक्रमांच्या कामातून हेच सांगितलं की कापूस दाबूच नका, पिकतो तिथेच लहान यंत्रांवर त्याचं सूत काढा. मलखाचं सूत हातकताईचं नव्हे, पण त्या कापडाला हात लावला की न दाबलेला कापूस काय असतो ते समजतं. आणि श्रीकाकुळमकडच्या पोंदुरूच्या बाया अजूनही वालुगा माशाच्या जबड्याच्या दातांनी कापूस विंचरतात, त्याचे पेळू करतात आणि शंभर अंकाच्या आसपासचं सूत हाताने काढतात. कोणता चरखा घ्यावा असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पोंदुरूचं सांगतो. तिथे माशाच्या जबड्यापासून चातीपर्यंतचं सगळं काम एकाच घरात, एकाच हाताखाली होतं. आमच्याकडे ते पिंजारी, आई आणि मास्तर यांच्यात वाटलेलं होतं. आता ते कुणाकडेच नाही.

नातीने हे मनावर घेतलं आहे. नांदेडला आमचे नातेवाईक आहेत. त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याने बांधाला देशी कापसाच्या चार ओळी ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर तिकडून सरकीसकट कापूस यायचा आहे, पोत्यात सैल भरून. सरकी काढायला पाट आणि लोखंडी गज घरातच सापडला. पिंजायला लहान धनुकली सुताराकडून करून घेतली आहे, तिला तात अजून मिळालेली नाही. बेगम बाजारात चौकशी चालू आहे, तोवर ती मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीवर सराव करते.