राळेचे रंग

सातेरी माश्यांच्या संगतीत ज्यांचे आयुष्य गेले, अशा महाबळेश्वराकडील जुन्या मधपाळांना प्रोपोलिसचा, म्हणजे माश्यांच्या राळमिश्रित लिंपणाचा, फारसा परिचय नसतो, कारण सातेरी राळ गोळा करीत नाही व तिच्या चौकटी हाताने अलगद निघतात. परंतु १९६२ साली कांगड्यातील नगरोट्यास यशस्वीपणे रुजलेली आणि पुढे माझ्याही पेट्यांत नांदू लागलेली मेलिफेरा माशी झाकण, चौकट व भिंत यांमधील फट न् फट राळ आणि मेण यांच्या मिश्रणाने अशी लिंपून टाकते, की पटाशीवाचून तिची पेटी उघडतच नाही.

ह्या लिंपणाचा वर्ण झाडाचा असतो. युरोपात काळ्या पॉप्लरच्या कळ्यांमुळे ते पिवळसर तपकिरी होते, ब्राझीलच्या मिनास झेराइस प्रांतात बाकारिस झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांमुळे हिरवे, तर त्याच देशातील अलागोआसच्या किनाऱ्यावर, खारफुटीलगत, आपल्या शिसवाच्या गोत्रातील एका झुडपाच्या स्रावामुळे रक्तवर्णी. राळ आणणाऱ्या माश्या वसाहतीत मोजक्याच असतात. त्यामुळे त्या कोणत्या झाडाकडे वळल्या, यावर शेजारशेजारच्या दोन पेट्यांचे रंगही भिन्न होऊ शकतात. दुपारच्या उन्हात, राळ मऊ असताना, अशी एखादी माशी मागच्या पायांवर चकाकते गोळे घेऊन परतते. पराग ती स्वतः उतरवू शकते, पण हे चिकट ओझे तिला उतरवता येत नाही, म्हणून ती फटीपाशी स्थिर उभी राहते आणि दुसरी माशी जबड्याने कण कण ओढून घेऊन तेथेच थापते.

पोताचे कारण निराळे. पंधरा अंशांखालच्या थंडीत जो तुकडा चिमटीत काचेसारखा फुटतो, त्याचीच उन्हाळ्यात तार सुटते. जुन्या लिंपणातील सुगंधी तैलांश उडून ते काळवंडते व टणक होते. मोठी फट बुजवताना मेण अधिक मिसळले, की खरवडण फिकट व भुसभुशीत निघते. मद्यार्कात घातल्यावर राळ विरघळते, मेण तळाशी राहते, आणि खरा हिशेब तेव्हा उघड होतो.

व्यापाऱ्यास मात्र एकसारखा रंग हवा असतो, आणि त्याच्या मर्जीखातर साऱ्या पेट्यांचे खरवडण एकत्र करण्याचा प्रघात पडला आहे. तो मला सर्वथा अमान्य आहे. रंग हा त्या शिवारातील वृक्षांचा दाखला आहे, आणि मिश्रण करणे म्हणजे तो दाखला दफ्तरातून फाडून टाकणे होय. शिवाय राळेची वानवा पडली, तर माशी ताजा रंग किंवा रस्त्यावरचे डांबरही आणते, हे विसरून चालणार नाही. म्हणून प्रत्येक पेटीची बरणी स्वतंत्र असावी, तिच्यावर ठिकाण व तारीख लिहावी. काळा तुकडा वयाने काळा झाला की डांबराने, ह्याचा निवाडा डोळ्यांना नेहमीच करता येत नाही, आणि जवळ रस्त्याचे काम चालले होते की नाही, हे सांगू शकणारा साक्षीदार मधपाळावाचून दुसरा कोणी नसतो.